मिस्त्रीचा कान

रस्त्याकडे पाठ करून बसायची त्याची सवय होती. गॅरेजच्या दारात जुन्या बसमधून काढलेली एक सीट ठेवली होती. तिच्यावर तो बसायचा, चहाचा पेला गुडघ्यावर टेकवायचा, आणि पाठीमागून गाड्या जायच्या. एखादी गेली की मान न वळवता म्हणायचा, "विटांची गाडी. डाव्या स्प्रिंगच्या पाट्याचं एक पान तुटलंय." शेजारचा पंक्चरवाला उठून बघायचा. गाडी विटांचीच असायची. पाट्याचं काय ते चार-आठ दिवसांनी कळायचं, तीच गाडी एका अंगाला कलून दारात उभी राहिली की.

त्याला सगळे कानवाला मिस्त्री म्हणत. दूरदूरचे ड्रायव्हर त्याच्याकडे यायचे ते हत्यारांसाठी नाही. हत्यारं इतरांकडे जास्त होती आणि चकचकीतही होती. ते यायचे त्याच्या कानासाठी. गाडी चालू ठेवून बाजूला उभे राहायचे, डॉक्टरनं छातीला नळी लावल्यावर आजाऱ्याचे नातेवाईक उभे राहतात तसे. मिस्त्री लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा. मग सगळं गॅरेज गप्प. पंक्चरवालासुद्धा हातातला हातोडा अलगद खाली ठेवायचा. या पंक्चरवाल्याला लोक फुग्या म्हणत. अंगानं तसा होता आणि धंदाही तसलाच.

मिस्त्रीला त्याच्या उस्तादानं एक नियम घालून दिला होता: आवाज स्वतःच्या कानानं ऐकल्याशिवाय पाना लावायचा नाही. ड्रायव्हर म्हणतो म्हणून नाही, मालकाला घाई आहे म्हणून नाही. उस्ताद गेला, त्याचं गॅरेजही गेलं, नियम मिस्त्रीकडे राहिला. त्यानं तो नुसता पाळला नाही, मिरवला. काही मिस्त्री गाडी फिरवून आणतात आणि चाकांना हात लावून कुठलं तापलंय ते बघतात. त्यांना हा हसायचा. म्हणायचा, "ताप बघायला डॉक्टर आहेत. मी मिस्त्री आहे." हे वाक्य इतक्या वेळा म्हणून झालं होतं की फुग्याला ते पाठ झालं होतं.

बायको त्याला मिळाली तीही या कानापायीच म्हणायची. तिचा बाप ट्रक चालवायचा. त्याचा ट्रक घरासमोर बंद पडला तेव्हा उस्तादाबरोबर हाही गेला होता. ती दारात उभी होती, कडेवर धाकटा भाऊ. आई नसलेलं पोर, सारखं रडायचं. यानं स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि पोरानं सूर धरला. तिनं पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि याच्याकडे बघून मान हलवली, ऐका म्हणून. त्या दिवशी इंजिनात काय निघालं ते मिस्त्रीला नंतर आठवेना. तो हात आठवत राहिला. लग्न झाल्यावर ती भावाला बरोबर घेऊनच आली. या दोघांना पुढं मूलबाळ झालं नाही. जे काही लाड करायचे होते ते त्या भावाचेच झाले. गॅरेजच्या मागच्या खोलीत तो वाढला, ग्रीसच्या डब्यांतून रांगला आणि बापासारखाच ड्रायव्हर झाला. मिस्त्री त्याचा दाजी. आणि दाजींचा कान ही त्या पोराच्या लेखी सूर्य उगवण्याइतकी खात्रीची गोष्ट.

कान एका दिवसात जात नाही. केस पांढरे होतात तसा जातो, माणसाला न विचारता.

एका सकाळी मिस्त्री पलंगाच्या कडेला बसून चपलेचा पट्टा लावत होता. उशाशी गजराचं घड्याळ वाजायला लागलं. चांगलं कर्कश घड्याळ होतं, भिंतीपलीकडच्या फुग्याला उठवणारं. मिस्त्रीनं एक पट्टा लावला, दुसरा लावला, पाय आपटून बघितले. घड्याळ त्याच्या कोपराशी वाजत होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. मग आली, तिनं गजर बंद केला. मिस्त्रीनं वर पाहिलं.

"आज गजर झालाच नाही का गं?"

"किल्ली द्यायची राहिली असेल," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती गजराच्या आधी उठायला लागली.

त्याला स्वतःला कळलं ते चिमण्यांमुळं. दुपारी दोघं पत्र्याखाली बसलेली. तो म्हणाला, "या भागातल्या चिमण्या गेल्या कुठं? पूर्वी केवढा कलकलाट असायचा." तिनं नकळत वर पाहिलं. "गेल्या असतील कुठं," ती म्हणाली. पण तिची नजर गेली तिथं त्याचीही गेली. पत्र्याच्या आडव्या पाइपावर ओळीनं चिमण्या बसल्या होत्या आणि सगळ्यांच्या चोची उघडझाप करत होत्या. तो बराच वेळ बघत राहिला. मग चहा न संपवता उठला आणि आत जाऊन पाने लावत बसला, आधीच लावलेले पाने.

जाड आवाज त्याला अजून ऐकू यायचे. इंजिनाची धडधड, गिअरची घरघर, माणसाचं समोरून केलेलं बोलणं. बारीक, उंच आवाज तेवढे निघून गेले होते. जुन्या घरातून भांडी एकेक करून जावीत तसे.

एकदा ती म्हणाली, "डॉक्टरला दाखवू या का? कानात घालायचं यंत्र मिळतं म्हणतात."

"न्हाव्याला टक्कल असलं तर चालतं," तो म्हणाला. "मिस्त्रीच्या कानात यंत्र चालत नाही. दुसऱ्या दिवशी कुणी येईल का दारात?"

विषय तिथंच मिटला. पुढं त्यानं एक युक्ती काढली. ड्रायव्हर आला की विचारायचा, "तूच सांग कसा वाजतो. बघू तुझा कान." ड्रायव्हरला वाटायचं आपली परीक्षा चाललीय, आणि तो जीव ओतून आवाज काढून दाखवायचा. फुग्या म्हणायचा, "मिस्त्री आता शाळा काढणार." असे दिवस निघत होते. भांड्याला गळती आहे हे ठाऊक असून माणूस भोक बोटानं दाबून धरतो, तसे.

अशात एक दिवस मेहुण्याचा ट्रक दारात उभा राहिला. सिमेंटच्या पोत्यांची वाहतूक होती त्याच्याकडे. जाताना वाटेत लांबलचक उतार लागायचा.

"दाजी, पुढून किंचाळतंय," खाली उडी मारून तो म्हणाला.

"कुठल्या चाकातनं?"

"ते कळलं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? मध्येच ओरडतं, मध्येच गप्प. अगदी ताईसारखं."

"मी गप्प कधी असते रे?" ताई आतून म्हणाली.

"तेच म्हणतो. गप्प झालं की जास्त भीती वाटते."

मिस्त्रीनं त्याला अंगणात गाडी फिरवायला सांगितली आणि स्वतः पुढच्या चाकाच्या बाजूनं वाकून चालत राहिला. गाडी वळली. मिस्त्रीला इंजिन ऐकू येत होतं, खडी चिरडल्याचं ऐकू येत होतं. एकाएकी मेहुण्यानं खिडकीतून डोकं काढलं. फुग्यानं ट्यूबवरून मान उचलली. बायको दारात आली. तिघंही मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत होते. त्या तीन तोंडांवरून त्याला समजलं की आत्ता काहीतरी वाजून गेलं.

"हं," तो म्हणाला. "आणखी एकदा."

आणखी एकदा काही आलं नाही. मेहुण्यानं पाचसहा चकरा मारल्या, ब्रेक मारले, सोडले. आवाज मांजरासारखा, बोलावलं की न येणारा.

मेहुणा म्हणाला, "नाक्यावर नवीन गॅरेज झालंय ना, तो म्हणत होता दोन्ही चाकं उघडून आतलं सगळंच बघून घेतो. टाकू का त्याच्याकडे? तुम्हाला कशाला त्रास?"

मिस्त्री हात पुसत होता. तो थांबला. "आवाज न ऐकता चाक उघडणारा मिस्त्री म्हणजे पत्ता न विचारता निघालेला पाहुणा. दिसेल ते दार वाजवणार. त्याच्याकडे जायचं असलं तर जा बाबा. मग पुन्हा इथं आणू नकोस."

"तसं नाही म्हटलं, दाजी."

"मग जेव. दुपारी रस्त्यावर काढू."

मेहुणा जेवून फुग्याकडे गप्पा मारत बसला. मिस्त्री स्वयंपाकघरात आला. बायको भांडी विसळत होती. तो तिच्या समोर जाऊन उभा राहिला, तिचं तोंड दिसेल असा.

"तू चल गाडीत."

"मी कशाला?"

"माझ्या शेजारी बस. वाजलं की माझं मनगट दाब. बाकी मी बघतो."

तिच्या हातातून पाणी गळत होतं. इतक्या दिवसांत हा विषय पहिल्यांदा त्याच्या तोंडून निघाला होता, आणि निघाला तोही असा, मीठ मागावं तसा.

"त्याला सांगा ना सरळ," ती म्हणाली. "आपलाच आहे तो."

"आपला आहे म्हणूनच नाही."

"आणि मला कळलं नाही तर?"

"वाजलेलं कळायला काय लागतं? कान लागतो. तुला आहे तो."

एरवी मिस्त्री चालत्या ट्रकच्या पायरीवर बाहेरच्या बाजूला उभा राहायचा, एक हात आरशाच्या दांडीला, मान चाकाकडे झुकवलेली. नाक्यावरचे लोक ते बघायला थांबायचे. त्या दिवशी तो आत, ड्रायव्हरच्या शेजारच्या लांब सीटवर बसला आणि बायको खिडकीशी.

"दाजी, पायरीवर नाही आज?"

"गुडघा धरलाय. आणि तुझ्या ताईला रस्त्याच्या त्या टोकाला दुकानात काम आहे."

"म्हणजे आवाज राहिला बाजूला, तुमची वरात काढतोय मी."

रस्ता सरळ जाऊन उजवीकडे वळत होता, आणि वळण संपतं तिथंच शाळेसमोर गतिरोधक होता. गाडी वळणावर घुसली. भार सगळा डाव्या चाकावर आला, आणि डाव्या चाकातून एक बारीक, दात आंबवणारी किंकाळी निघाली. बायको दचकली. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता, शांत. मग तिला आठवलं आपण कशाला बसलोय ते, आणि तिनं त्याचं मनगट दाबलं. पण तोपर्यंत वळण संपलं होतं. मेहुण्यानं गतिरोधकासाठी ब्रेकवर पाय दिला होता.

मिस्त्रीनं पाहिलं ते एवढंच: ब्रेक लागला आणि मनगट दाबलं गेलं.

"फिरवून आण," तो म्हणाला, "पुन्हा याच बाजूनं." पुन्हा तसंच झालं. तिचं दचकणं, बघणं, आठवणं आणि दाबणं. एका श्वासाइतका उशीर. तेवढ्या उशिरात आवाज वळणावरून उचलला गेला आणि ब्रेकवर जाऊन बसला.

गॅरेजशी परत आल्यावर ती खाली उतरताना तोल सावरायला डाव्या चाकाच्या मधल्या भागावर हात टेकवून उतरली, आणि हात झटकन मागं घेतला. मग गाडीच्या पुढून घराकडे जाताना तिनं उगाचच पलीकडच्या चाकालाही बोटं लावून पाहिली.

"अहो, ते चाक केवढं तापलंय. हे तसं नाही."

"ब्रेक मारलेत एवढे. तापणारच," मिस्त्री म्हणाला.

"पण ते एकटंच..."

"वहिनी," फुग्या आपल्या जागेवरून ओरडला, "ताप बघायला डॉक्टर आहेत." आणि पुढचं वाक्य मेहुण्यानं पुरं केलं, "हे मिस्त्री आहेत." दोघं हसले. मिस्त्रीही हसला. ती हात पदराला पुसत आत गेली.

तिच्यामागं तो आत आला. "ब्रेक मारला तेव्हाच वाजलं ना?"

"तेव्हाच वाटतं."

"वाटतं, की तेव्हाच?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडावर जुनी चमक आली होती, निदान सापडल्यावर यायची ती. ती विझवायचं तिच्या जिवावर आलं.

"तेव्हाच," ती म्हणाली.

बाहेर येऊन मिस्त्रीनं निकाल दिला. ब्रेकच्या लायनरवर चकाकी धरलीय, म्हणून ब्रेक लागला की किंचाळतात. घासून देतो.

मेहुण्यानं डोकं खाजवलं. "पण दाजी, मला वाटायचं ब्रेक नसतानासुद्धा..."

"तू गाडी चालवत होतास. मी ऐकत होतो."

"मग झालं," मेहुणा म्हणाला, आणि खरोखरच त्याच्या मनातून ते गेलं. तो मागच्या खोलीत जाऊन झोपला.

मिस्त्रीनं पुढची चाकं काढली, ड्रम काढले. लायनरवर चकाकी होती. ती थोडीफार कुठल्याही चालत्या गाडीच्या लायनरवर असते, पण शोधणाऱ्याला जे हवं असतं ते आधी दिसतं. त्यानं काचकागद घेऊन एकेक लायनर मन लावून घासला. हात त्याचे अजून पहिल्यासारखे होते. सगळं परत बसवलं, आणि जॅकवर उचललेलं डावं चाक हातानं गरकन फिरवून कान जवळ नेला. हा त्याचा जुना रिवाज. बेअरिंग कोरडं पडलं असलं तर अशा वेळी फरशीवरून वाळकं पान ओढावं तशी सळसळ येते. पूर्वी ही सळसळ त्यानं रस्त्याच्या पलीकडून ऐकली असती. चाक फिरलं, फिरलं, थांबलं. त्याला काही ऐकू आलं नाही. ती शांतता त्याच्या कानातली होती. त्याला ती चाकातली वाटली. त्या वेळी अंगणात दुसरं कोणी नव्हतं. फुग्या जेवायला गेला होता, बायको मागं कपडे वाळत घालत होती. मिस्त्रीनं चाकाच्या नटांना शेवटचा पिळा दिला आणि बेअरिंगपर्यंत न जाता जॅक खाली सोडला.

पुढं काही दिवस आवाज आला नाही. अशी दुखणी माणसातही असतात, दवाखान्याचं दार बघून थांबणारी. मेहुणा माल उतरवायला जाईल तिथं सांगत सुटला: आमच्या दाजींनी सीटवर बसल्या बसल्या ओळखलं, पायरीवरसुद्धा उभं राहावं लागलं नाही. दोन नवे ड्रायव्हर तेवढ्यावर आले. मिस्त्री पुन्हा रस्त्याकडे पाठ करून बसायला लागला. फुग्याला एकदा म्हणाला, "म्हातारा झालो म्हणतात, पण ऐकणं हे कानाचं काम नाही रे. डोक्याचं आहे." बायको त्याला चहा द्यायला आली होती. पेला ठेवून ती थोडा वेळ तिथंच उभी राहिली आणि मग गेली.

मेहुणा गाडी भरून जायचा तेव्हा गॅरेजसमोर दोनदा हॉर्न द्यायचा. ताईसाठी. मिस्त्रीला हॉर्न ऐकू यायचा. तो पाठमोराच हात वर करायचा. त्या सकाळी हॉर्न झाला, हात वर झाला, गाडी पुढं गेली. बायको स्वयंपाकघरात होती. गाडी उजव्या वळणावर गेली आणि तिथून तीच किंकाळी आली, बारीक, लांब, आधीपेक्षा लांब. ब्रेक लागायच्या कितीतरी आधी.

ती दारापर्यंत आली. सीटवर नवरा बसला होता, चहाचा पेला गुडघ्यावर, तोंडावर समाधान. तिनं तोंड उघडलं. रस्त्यावर आणखी तीनचार गाड्या होत्या. दुसऱ्या कुठल्या गाडीचा आवाज असेल, तिनं मनाशी म्हटलं. संध्याकाळी आला की त्यालाच विचारू. आणि ती चुलीवरचं बघायला मागं फिरली.

लांब उताराच्या मध्यावर डावं चाक जागच्या जागी धरलं गेलं. भरलेला ट्रक आडवा फिरला, दरडीच्या मातीत घुसला आणि पोती पुढं आली. मेहुणा जिवंत राहिला, पण एक पाय गुडघ्यातून असा चेचला होता की डॉक्टर म्हणाले, चालेल हो, कुबडी घेऊन चालेल, पण हा गुडघा आता वाकायचा नाही. न वाकणाऱ्या गुडघ्यानं ट्रक चालत नाही, हे ड्रायव्हरला सांगावं लागत नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मेहुणा एकच सांगायचा. "गाडीत काही नव्हतं. दाजींनी स्वतः ऐकून दिली होती. माझाच डोळा लागला असणार."

ट्रकच्या मालकानं विचारलं, "चाक कसं काय धरलं मग?"

"मीच घाबरून ब्रेक दाबून धरला असेल. चाकाला कशाला नावं ठेवायची?" आणि मालकाला ते पटलं, कारण कानवाल्या मिस्त्रीच्या हातून निघालेली गाडी होती.

मिस्त्री एकटाच मालकाच्या आवारात गेला. चेपलेला ट्रक भिंतीशी उभा होता. त्यानं डाव्या चाकाचा मधला भाग, हब, उघडला, त्या दिवशी न उघडलेला. आतलं बेअरिंग जळून निळं पडलं होतं. त्यातले गोळे एकमेकांत वितळून बसले होते. ग्रीसचा मागमूस नव्हता, नुसता काळा भुगा. त्यानं ते कडं फडक्यात गुंडाळून खिशात घातलं.

घरी आल्यावर ओट्यावर ठेवलं. बायकोनं हात लावला नाही.

"हेच?"

"हेच. तू म्हणाली होतीस, एकटंच तापलंय." कडं उलटं करून तो पुढं म्हणाला, "वळणावर वाजलं होतं ना गं? ब्रेकवर नाही."

"वळणावर," ती म्हणाली. मग म्हणाली, "अपघात झाला त्या सकाळीही वाजलं होतं. मी ऐकलं." तिनं हे ओट्याकडे बघत म्हटलं, हळू. त्यातलं त्याला किती कळलं कोण जाणे. त्यानं नुसती मान हलवली.

दवाखान्यातून मेहुण्याला त्यांनी मागच्या खोलीतच आणलं. त्याला दुसरं घर कुठं होतं? दिवस चढला की कुबडीवर येऊन तो बसच्या सीटवर दाजींच्या शेजारी बसायचा, पाय पुढं लाकडासारखा ताठ. कोणी नवीन ड्रायव्हर आला की हा सुरू व्हायचा. "अरे, तू कुणाकडे आलायस ठाऊक आहे का? हे रस्त्याकडे न बघता सांगतात..." ड्रायव्हर आदरानं बघायचे. फुग्या भर घालायचा. मिस्त्री उठून आत जायचा, पाने लावायला.

एकदा फुग्या म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही नशीबवान. एवढं होऊनही मेहुणा तुमचेच गोडवे गातो. माझा मेहुणा माझ्या हातून ट्यूबमध्ये राहिलेल्या सुईएवढ्या भोकासाठी वर्षभर बोलला नव्हता."

मिस्त्री त्या दिवशी जेवला नाही. नाव गेलं असतं तर तो रडला असता, चिडला असता, नाक्यावरच्या नव्या मिस्त्रीला शिव्या दिल्या असत्या. पण नाव जागच्या जागी होतं. उलट वाढलं होतं. ते टिकवायला रोज सकाळी एक पोरगा कुबडी घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसत होता आणि स्वतःला दोषी म्हणवून घेत होता.

दुपारी तो मागच्या खोलीत गेला. मेहुणा पलंगावर पडला होता, खिडकीतून उजेड येत होता. बायको ताट न्यायला आली होती, ती दाराशीच थांबली. मिस्त्रीनं फडकं सोडून ते जळकं कडं पांघरुणावर ठेवलं.

"हे तुझ्या डाव्या चाकातलं."

मेहुण्यानं ते उचलून बघितलं. ग्रीसच्या डब्यांत वाढलेलं पोर ते, त्याला सांगावं लागलं नाही.

"तुझा डोळा लागला नव्हता," मिस्त्री म्हणाला. "तू काही चुकला नाहीस. मला बारीक आवाज ऐकू येत नाही. दोन वर्षं होऊन गेली. त्या दिवशी गाडीत मी काही ऐकलं नाही. तुझ्या ताईनं ऐकलं, मी त्यावरून अंदाज ठोकला. तू म्हणत होतास ब्रेक नसताना वाजतं, आणि मी तुला गप्प केलं. नाक्यावरच्याकडे जातो म्हणालास, तर जाऊ दिलं नाही." त्यानं त्या ताठ पायाकडे पाहिलं. "तुझा पाय मी घालवला."

मेहुणा ते कडं बोटात फिरवत राहिला. निळ्या लोखंडाची खरखर त्याच्या बोटांना लागत असेल. मग त्यानं ते बाजूला ठेवलं, तोंड भिंतीकडे वळवलं, आणि काहीतरी बोलला. त्याचे खांदे हलले, गालाची कड हलली. एक वाक्य असेल, किंवा दोन. भिंतीकडे तोंड करून, हळू, बारीक आवाजात.

मिस्त्रीला त्यातलं एक अक्षरही ऐकू आलं नाही.

तो वाट बघत राहिला, मेहुणा पुन्हा बोलेल म्हणून. पुन्हा विचारायची त्याची छाती झाली नाही. काय म्हणालास, हे विचारायचा हक्क आपण कुठल्या तोंडानं मागायचा? त्यानं दाराकडे पाहिलं. बायकोनं ऐकलं होतं. ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. त्यानं हात तिच्याकडे थोडा पुढं केला, मनगट वर करून, त्या दिवशी गाडीत केला होता तसा. ती त्या मनगटाकडे बघत राहिली. मग वाकून तिनं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेली.

तो तिच्यामागं गेला. ती पाठमोरी होती. तो वळसा घालून तिच्या समोर आला.

"काय म्हणाला तो?"

तिनं ताटातलं उरलेलं बाजूला काढलं, नळ सोडला.

"पाणी मागत होता," ती म्हणाली.

मिस्त्रीनं पेला घेतला, भरला, आणि तो सांडू नये म्हणून दोन्ही हातांत धरून मागच्या खोलीत गेला. मेहुणा आता उताणा होऊन छताकडे बघत पडला होता. दाजी पेला घेऊन पलंगाशी उभे आहेत हे त्यानं पाहिलं. त्यानं पेल्याकडे पाहिलं, मग दाजींच्या तोंडाकडे. आपण पाणी कधी मागितलं, असं काहीतरी त्याच्या कपाळावर उमटलं. त्यानं हात पुढं केला नाही.

मिस्त्री पेला धरून उभा राहिला.